ऑगस्टपर्यंत राजीनामा देऊ नकोस

पत्र: मावशी, मी सांगलीला विश्रामबागेत राहते. वय 38. पतसंस्थेत क्लार्क आहे, हातात 16,000 येतात. तीन वर्षांपासून घरून रेल्वे तिकिटांचं आणि छोट्या यात्रांचं काम करते, एजंटचा अधिकृत आयडी आहे. आता काम वाढलंय. जेवणाच्या सुट्टीत फोन, रात्री अकरापर्यंत फोन. मिस्टर म्हणतात, नोकरी सोड, सकाळी दहाला घरी असलीस तर नुसत्या तत्काळचंच किती काम होईल. सासूबाई म्हणतात, बांधलेला पगार सोडू नकोस. मुलगी पुढच्या वर्षी दहावीला. यंदा माझ्या हातून एक चूक झाली, 18,400 रुपये भरून द्यावे लागले, ते मी घरी सांगितलेलं नाही. नोकरीतही अर्धी आणि धंद्यातही अर्धी, असं झालंय. वहीच्या पानांचे फोटो पाठवतेय. मला अगं-तुगंच करा. काय करू?

उत्तर: तुझं पत्र एकदा वाचलं, वहीची पानं मात्र चारदा वाचली. हिशोबाच्या शेजारी तू बारीक अक्षरात लिहिलंयस: ‘काकू, खालचा बर्थ, साखर, रात्री दोनदा उठतात.’ ‘अण्णा, कांदा-लसूण नाही, गुडघा उजवा.’ अगं, हे लिहिणारं माणूस या धंद्यात टिकतं. तुला हे काम जमतं का, असा प्रश्न मला पडलाच नाही. पण नोकरी आत्ता सोडू नकोस. किमान पुढच्या ऑगस्टपर्यंत तरी नाही.

आधी आकडे बघू. वर्षाची उलाढाल 11 लाख, हा आकडा तू वहीत दोनदा अधोरेखित केलायस. तो विसर. तुझ्या हातात राहिले 99,000. त्यातले 46,000 एप्रिल-मेचे, 31,000 दिवाळीच्या दोन महिन्यांचे, आणि उरलेल्या आठ महिन्यांचे मिळून 22,000, म्हणजे महिन्याला पावणेतीन हजार. त्या आठ महिन्यांत घर कोण चालवतं? तुझा आणि मिस्टरांचा पगार. 18,400 वजा केले तर वर्षाचे 80,600 उरतात, आणि नोकरीचे येतात 1,92,000. सासूबाईंचं म्हणणं तुला टोमण्यासारखं लागलं असेल, पण हिशोब त्यांच्या बाजूने आहे.

मिस्टरांचं म्हणणं प्रेमातून आलंय, पण त्यांना एक माहीत नाही. तत्काळ एसीचं दहाला आणि बिगरएसीचं अकराला उघडतं. जुलै 2025 पासून त्या दोन्ही वेळांना पहिला अर्धा तास एजंटच्या आयडीला बंद असतो. साडेदहाला तुझ्या हातात येईल ती बहुतेक वेटिंग लिस्ट. मग कुणीतरी सांगेल, घरच्यांच्या नावाच्या साध्या आयडीवरून काढ, वर दोनशे घे. त्या वाटेला जाऊ नकोस. रेल्वे कायद्याच्या कलम 143 खाली तो गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 10,000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि सरळ मार्गाने एसीच्या तिकिटामागे सेवाशुल्क मिळतं 40 रुपये, स्लीपरमागे 20. दिवसभर घरी बसूनही त्यात किती वाढ होणार?

तुझा खरा पेच मला मार्चच्या पानावर दिसला. पूर्वी रेल्वेचं आरक्षण 120 दिवस आधी उघडायचं. मेच्या सुट्टीची तिकिटं लोक जानेवारीतच काढून मोकळे व्हायचे. 1 नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवसांवर आलं. म्हणजे मेच्या प्रवासाची झुंबड आता मार्चमध्ये, आणि मार्चअखेर पतसंस्थेत काय असतं ते मी तुला सांगायला नको. वसुली, ताळमेळ, रात्री आठ-आठ वाजेपर्यंत थांबणं. तुझ्या त्या चुकीची नोंद 28 मार्चची आहे, वेळ रात्री 11.10. गाडी होती मध्यरात्री बारा वाजून वीस मिनिटांची. मंडळी म्हणाली ‘शनिवारी रात्री’, तू शनिवारची तारीख टाकलीस, आणि बाराच्या पुढे तारीख रविवारची होते. आठ माणसं बॅगा घेऊन मिरज स्टेशनवर उभी आणि त्यांची गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली. वाचतानाही माझ्या पोटात गोळा आला. दिवसभर पतसंस्थेत राबून आलेल्या, डोळे मिटत असलेल्या बाईच्या हातून ही चूक झाली. तू निष्काळजी आहेस म्हणून नाही झाली. पैसे भिशीतून भरलेस, एका शब्दाने वाद घातला नाहीस. पण मिस्टरांना सांग, आणि आजच सांग. ते तुला पूर्णवेळ धंद्यात उतर म्हणताहेत आणि त्या धंद्यात काय बुडू शकतं हे त्यांना ठाऊकच नाही. अर्ध्या हिशोबावर घराचा निर्णय होऊ देऊ नकोस.

म्हणून या मार्चमध्ये सुटी-सुटी तिकिटं घेऊच नकोस. येईल त्याला सांग, ‘मार्चमध्ये मी फक्त ग्रुप करते.’ चार माणसं रागावतील, रागावू देत. ग्रुपचं सगळं फेब्रुवारीतच ठरव: माणसं, गाडी, मुक्काम, ॲडव्हान्स. तुझी कमाई तिथेच आहे. तुझ्याच वहीतला अष्टविनायक घे. शुक्रवारी रात्री सांगलीहून निघायचं, रविवारी रात्री परत, पतसंस्थेची रजासुद्धा लागत नाही. सतरा सीटची ट्रॅव्हलर, तुला धरून. सोळा जणांमागे खर्च जाऊन तीनशे राहिले तरी 4,800 होतात. तेवढ्यासाठी एसीची 120 तिकिटं काढावी लागतील! आणि लेण्याद्रीच्या पायऱ्या कोण चढणार, कोण खाली थांबणार, खाली थांबणाऱ्यांजवळ कोण बसणार, हे आधी विचारणारी तू आहेस. म्हाताऱ्या माणसांना त्याचीच गरज असते. माझ्या आईला आम्ही काशीला पाठवलं होतं तेव्हा तिकडून रोज रात्री एक फोन यायचा, ‘जेवल्या, झोपल्या, पाय बरा आहे.’ त्या फोनसाठी मी दुप्पट पैसे आनंदाने दिले असते.

तू मात्र पैसेच घेत नाहीस. यंदाच्या 212 तिकिटांपैकी 60 समोर ‘घरचेच’ लिहून शून्य टाकलंयस. एका तिकिटावर सहा जण घातले की ज्येष्ठांचा खालच्या बर्थचा कोटा मिळत नाही, एकट्यादुकट्याचं वेगळं काढावं लागतं, हे तुला कळतं. ती अक्कल फुकट वाटू नकोस. ग्रुपचा दर लिहून ठेव, रद्द केलं तर काय परत मिळेल तेही लिही आणि पैसे घेण्याआधी वाचायला दे. लोकांचा ॲडव्हान्स घरखर्चाच्या खात्यात येतोय, हे मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. आधी वेगळं खातं उघड. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, ऑनलाइन होते, फुकट होते. 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत सेवेच्या धंद्याला जीएसटी नोंदणी लागत नाही, पण यात्रेचं पॅकेज आपल्या नावाने विकलंस की पूर्ण रक्कम उलाढालीत धरतात. चारधामचे दोन ग्रुप वाढले तरी तू त्या रेषेजवळ पोचशील. सीएला आधीच भेट.

आता ऑगस्टच का? तू ऑगस्टमध्ये रुजू झालीस, येत्या ऑगस्टला पाच वर्षं होतात. कायम नोकरीत पाच वर्षं भरली की ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो, दरवर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून. तुझा मूळ पगार 12,000 धरला तर साधारण 34,600 रुपये. हाताशी आलेलं का सोडायचं? शिवाय तोवर एप्रिल-मेचा एक आख्खा सीझन हाताखालून जाईल, फक्त ग्रुपचा. त्यानंतर वही उघड. आठ रिकाम्या महिन्यांत, म्हणजे जून ते सप्टेंबर आणि डिसेंबर ते मार्च, महिन्याला आठ हजार सुटतील असं दिसलं आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडलेला असला, तर खुशाल राजीनामा दे. सहा महिने मी उगाच म्हणत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पाणी कुठवर आलं होतं ते आपण दोघींनी पाहिलंय, आणि ते ओसरून सात महिने होतात तोच लॉकडाऊन लागला. प्रवासाचा धंदा असा एका रात्रीत शून्यावर येतो.

मुलीच्या दहावीसाठी म्हणून मात्र नोकरी सोडू नकोस. घरून काम करणारी बाई घरात रिकामीच आहे असं सगळे धरून चालतात. सिलिंडर आला, पाहुणे आले, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचंय, सगळं तुझ्यावर येईल, फोन वाजतच राहील आणि मुलीला तू आतापेक्षा कमी मिळशील. त्यापेक्षा आजपासून रात्री नऊनंतर धंद्याचा फोन बंद कर. प्रवासात असलेल्या माणसांसाठी दुसरा नंबर ठेव, तो फक्त त्यांच्याकडेच.

एक गोष्ट तू पत्रात जाता जाता लिहिलीस. स्टेशनवर अडकलेल्या त्या आठांपैकी सहा जण दिवाळीत हरिप्रिया एक्सप्रेसने पुन्हा तुझ्याबरोबर तिरुपतीला गेले. मला ती पत्रातली सगळ्यात मोठी बातमी वाटली.

येत्या रविवारी दर लिहायला बस. लिहून झाले की पहिला फोन तुझ्या चुलत जाऊबाईंना कर, वहीत त्यांच्या नावापुढे नऊ शून्यं आहेत.