मेथॅनॉलच्या बोटीवर पाठवू का?

प्रश्न : माझा धाकटा इंजिन कॅडेट म्हणून बोटीवर लागतोय. पहिलंच काँट्रॅक्ट, आणि बोट मेथॅनॉलवर चालणारी. विषारी दारूत असतं ते हेच ना? घरातले म्हणतात, साध्या तेलाची बोट मिळेपर्यंत थांब. काय करू?
– एक आई, हर्णै

उत्तर : ताई, हो, तेच. पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो. कातडीतूनसुद्धा अंगात भिनतं. तुमची भीती खोटी नाही. पण ज्याला तुम्ही साधं तेल म्हणता, त्यात मी सव्वीस वर्षं काढली. त्याचंही ऐका.

ते काळं, डांबरासारखं. गार असलं की धड वाहतही नाही. इंजिनात सोडण्याआधी शंभर अंशांच्या बरंच वर तापवावं लागतं. प्युरिफायर, म्हणजे तेल स्वच्छ करणारं यंत्र, उघडून गाळ खरवडायचा, तो नखांत जाऊन बसायचा. सुट्टीवर घरी आलो की आई आधी राखेनं हात घासायला लावायची, मग ताट वाढायची. १ जानेवारी २०२० पासून इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ वर आली. ते चांगलंच झालं. पण हे तेल समुद्रात सांडलं की लवकर जात नाही. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर तळव्यांना चिकटणारे काळे गोळे समुद्रात सांडलेल्या तेलाचेच, कच्च्या किंवा अशा जड. मेथॅनॉल पाण्यात विरघळतं आणि लवकर विघटित होतं.

त्याचा खरा धोका आगीचा. जहाजावरच्या नेहमीच्या इंधनाला पेट घेण्याजोगी वाफ सुटायला साठ अंशांच्या वर तापावं लागतं. मेथॅनॉलला बारा अंश पुरतात. आणि उन्हात त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही. म्हणून इंजिनरूममधले त्याचे पाइप दुहेरी असतात, दोन भिंतींमधली हवा पंख्यानं सतत खेचली जाते, गळती झाली की सेन्सर ओरडतो. टाकीत पेट घेऊ नये म्हणून इंधनाच्या वर नायट्रोजन भरलेला असतो. ही व्यवस्था नीट पाळली जाते तिथे मी माझ्या मुलालाही पाठवीन.

तेव्हा पाठवा, पण आयजीएफचा, म्हणजे अशा सहज पेटणाऱ्या इंधनांच्या बोटींवरच्या सुरक्षेचा, कोर्स झाल्याशिवाय नाही. कंपनी ‘बोटीवर शिकवू’ म्हणाली तर ठाम नकार द्या. अमोनियाची बोट देऊ केली तर मात्र मला पुन्हा लिहा. तिथे गळलेला वायू श्वासात गेला तरी जीवावर बेततं.

घरातल्यांना आणखी एक सांगा. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं २०२३ मध्ये २०५० च्या आसपास जहाजांमुळे होणारं हरितगृह वायूंचं निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचं ध्येय ठरवलं. तेव्हा तुमचा मुलगा पंचेचाळिशीच्या आसपास असेल, बहुधा चीफ इंजिनियर. मेथॅनॉल आज मुख्यतः नैसर्गिक वायू आणि कोळशापासूनच बनतं, त्यामुळे नुसत्या नावानं ते हिरवं होत नाही; शेतीचा कचरा किंवा हरित (सौर-पवन विजेनं पाण्यातून काढलेला) हायड्रोजन यांपासून बनलं तरच खरा फरक. हे काम त्याच्याच पिढीला करायचंय.

फोन लागला की ‘जेवलास का’ विचारालच. त्यानंतर लगेच विचारा : गळती ओळखणारा गॅस मीटर अंगावर लावतोस ना?