फोटोवर कुणी बोलतच नाही, काय करू?

प्रश्न : ताई, दीड वर्ष झालं मी एका ऑनलाइन फोटो ग्रुपमध्ये आहे. आठवड्याला चार-पाच फोटो टाकते, लाईक पडतात, पण कमेंट म्हणजे फार तर 'मस्त' नाहीतर 'सुपर्ब'. माझं काय चुकतंय तेच कळत नाही. ग्रुप सोडू का?

उत्तर : अगं लगेच सोडू नकोस. आधी एक मोजून बघ, गेल्या महिन्याभरात तू स्वतः किती जणांच्या फोटोवर दोन ओळी लिहिल्यास? दोष देत नाहीये तुला, मीपण पहिली दोन वर्षं तेच केलं, फोटो टाकायचा आणि दर दहा मिनिटांनी ग्रुप उघडून बघायचं कुणी काही लिहिलंय का, आणि बाकीचे सगळे पण तेच करत बसलेले असतात मग लिहिणार कोण. फ्लिकर ही फोटो टाकायची साइट २००४ साली सुरू झाली, तिथल्या बऱ्याच ग्रुप्समध्ये या दुखण्यावर नियमच करून ठेवला होता की एक फोटो टाकला की दोघातिघांच्या फोटोवर कमेंट करायचीच. हेतू चांगला होता पण लोक काय करायचे, शाबासकीची तयार चमचमती चित्रं, म्हणजे बॅज, कॉपी करायचे आणि फोटो धड न बघताच चिकटवून मोकळे व्हायचे. त्यामुळे सक्तीवर माझा फारसा विश्वास नाही.

तू असं कर, दिवसाला एकच फोटो निवड आणि तो मोठा करून मिनिटभर बघ. मग तुझी नजर कुठे गेली तेवढंच लिही. 'आधी आजीच्या हातांकडे लक्ष गेलं, पण मागची लाल बादली सारखी खेचतेय, ती मुद्दाम फ्रेममध्ये ठेवलीय का?' असं काही. हॉरिझन म्हणजे क्षितिज वाकडाय, हायलाइट उडालेत म्हणजे उजेडाचे भाग पांढरेफटक झालेत, हे सांगायचं असेल तर सांग की, पण सुरुवात तिथून नको, आणि समोरच्याने मत मागितलंय का तेही बघून घे, काही जण नुसते आनंदाने घरच्या बाळाचा फोटो टाकतात तिथे क्रॉप सुचवायला जाऊ नये.

आणि तुझा फोटो टाकताना एकावेळी एकच टाक, सोबत अडलंय कुठे ते लिही. 'सायकलवाल्याचं पॅनिंग केलं, म्हणजे त्याच्यासोबत कॅमेरा फिरवत क्लिक केलं, शटर १/३० सेकंद ठेवला, चेहरा शार्प नाही आला, १/६० ला जाऊ का?' असं विचारलंस की ज्याला माहितीये त्याला राहवतच नाही, तो उत्तर देतोच. नुसत्या फोटोखाली काय लिहावं हे खूप जणांना सुचत नाही गं, मनात असूनही.

प्रश्न : ताई, मला नुकतंच आमच्या ग्रुपचं अ‍ॅडमिन केलंय. महिन्याच्या स्पर्धेत पहिला आलेला फोटो ढापलेला आहे असं एकाने थेट ग्रुपवर लिहिलं आणि आता दोन गट पडलेत. फोटो काढून टाकू का?

उत्तर : नाही, आत्ताच नको. आधी त्या पोस्टवरच्या कमेंट बंद करा, 'तपासतोय, दोन दिवस द्या' एवढं लिहा, आणि ज्याचा फोटो आहे त्याच्याशी खाजगीत बोला. मूळ फाइल मागा, रॉ म्हणजे कॅमेऱ्यातली कच्ची फाइल असेल तर उत्तमच. त्याच्या आधीच्या-नंतरच्या दोन फ्रेम पण मागा, कारण चांगला क्षण दिसल्यावर एकच क्लिक करून थांबणारा माणूस विरळा, आणि चोरलेल्या फोटोच्या शेजारच्या फ्रेम चोराकडे नसतात. फाइलमधला एक्झिफ, म्हणजे कॅमेरा, तारीख-वेळ वगैरेची नोंद, बघा पण एवढ्यावर निकाल देऊ नका, तो बदलता येतो. टिनआय नावाच्या साइटवर किंवा गूगलवर फोटोवरून शोध घ्या, तिथेही काही नाही मिळालं म्हणजे फोटो नक्की त्याचाच असं नाही, आरसा-उलटा केलेला किंवा खूप क्रॉप केलेला फोटो शोधातून निसटू शकतो.

घाई नको म्हणते त्याला कारण आहे. मी एकदा एका मुलीने टाकलेला फोटो चोरीचा ठरवून सगळ्यांसमोर काढून टाकला होता. तो दुसऱ्या साइटवर वेगळ्या नावाने सापडला होता आणि ते नाव तिचंच होतं, तिने तिथे टोपणनाव घेतलेलं. मी सगळ्यांसमोर माफी मागितली पण ती परत आली नाही. अजून वाईट वाटतं.

पुढच्या वेळेपासून मतदानाच्या वेळी नावं झाकून ठेवा, नाहीतर लोक मित्राला मत देतात, फोटोला नाही. पहिल्या तिघांच्या मूळ फाइल निकाल लावायच्या आधी मागून घ्या, सगळ्यांकडून, म्हणजे कुणाला आपल्यावरच संशय आहे असं वाटत नाही. आणि अ‍ॅडमिननी स्वतः स्पर्धेत उतरू नये. अजून एक, एकटे सांभाळू नका हो. वेगवेगळ्या वेळी ऑनलाइन असणारे दोघं-तिघं सोबत घ्या, रात्री बाराला भांडण लागलं तर तुम्हीच का जागायचं?

प्रश्न : पक्ष्याच्या घरट्याचा फोटो टाकला, जागा सांगितली नाही म्हणून काही जण चिडले. सांगायला हवी होती का?

उत्तर : अजिबात नाही, चिडू देत त्यांना. घरट्याभोवती सारखी माणसं आली तर पक्षी घरटं सोडून जाऊ शकतात, पिल्लं मरतात. फक्त फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर जागा फोटोच्या फाइलमध्येच लिहिली जाते हे लक्षात ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर ती माहिती निघून जाते, पण क्वालिटी टिकावी म्हणून डॉक्युमेंट करून पाठवलात तर जशीच्या तशी जाते.

प्रश्न : ग्रुपचे आठ वर्षांचे फोटो आणि चर्चा एकाच साइटवर आहेत. चालेल ना?

उत्तर : नाही चालणार. गूगल प्लस या गूगलच्या सोशल साइटवर फोटोवाल्यांची किती मोठी वस्ती होती, एप्रिल २०१९ मध्ये ते बंद झालं. त्याच वर्षी फ्लिकरने फुकट खात्यांना १००० फोटोंची मर्यादा लावली. मूळ फोटो ज्याचे त्याने आपल्या हार्ड डिस्कवर ठेवायचेच, पण चर्चा कुणाच्याच डिस्कवर नसतात. चांगल्या चर्चा, स्पर्धांच्या थीम, निकाल हे दर महिन्याला एका फाइलमध्ये उतरवून ठेवणारा एक मेंबर शोधा, आणि सगळ्यांचे ईमेल त्यांना विचारून घेऊन ठेवा म्हणजे उद्या जागा बदलायची वेळ आली तर निरोप तरी धाडता येईल.