उभ्या गाडीत बॅकअप कॉम्प्रेसर सारखा चालतोय? मोठा घेण्याआधी गळती शोधा

दादा, तुम्ही लिहिलंय की बसच्या चेसिसवर बांधलेली, हवेच्या सस्पेन्शनची मोटरहोम आहे, इंजिन बंद करून रात्री उभी केली की दर वीसेक मिनिटांनी २४ व्होल्टचा बॅकअप कॉम्प्रेसर (इंजिन बंद असताना सस्पेन्शनसाठी हवा भरणारा) सुरू होतो, सकाळी बॅटरी बसलेली असते, आणि गॅरेजवाला म्हणतोय मोठा टाका. टाकू नका. हे छोटे कॉम्प्रेसर थोडं चालून थंड होण्यासाठीच बनलेले असतात, तो वीस मिनिटांत परत सुरू होतोय म्हणजे हवा कुठूनतरी जातेय, मोठा आणलात तर तीच हवा जास्त करंट खाऊन भरत बसेल.

आम्ही इंदूरचे, मागच्या पावसाळ्यात मांडूला मुक्काम केला तेव्हा आमच्याकडेही हेच झालं. सकाळी गाडी डावीकडे बसलेली, टेबलावरची बाटली घरंगळत खाली. घरी येऊन चेसिसखाली स्टँड लावले, भांड्याच्या साबणाचं पाणी केलं आणि ब्रशने एकेक जोड भिजवत गेलो, दीड तास काही सापडेना, शेवटी मागच्या डाव्या बेलोच्या (म्हणजे गाडी तोलणाऱ्या हवेच्या रबरी फुग्याच्या) पाइपाशी मोहरीएवढे बुडबुडे दिसले, एकामागे एक. पाइप काढला तर टोक हॅकसॉने तिरकं कापलेलं! पाइप नुसता दाबून बसवायच्या पुश फिटिंगमधली रबरी रिंग तिरक्या टोकाला नीट धरत नाही. सियागंज बाजारातून पाइप कटर आणला, टोक काटकोनात कापून परत दाबलं, त्या रात्री कॉम्प्रेसर एकदाही वाजला नाही.

स्टँडचं मुद्दाम सांगतोय, नुसत्या हवेवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका, पाइप सुटला तर गाडी क्षणात खाली बसते.

दुसरा शत्रू पाणी. इंजिनच्या कॉम्प्रेसरची हवा ओल काढणाऱ्या ड्रायरमधून येते, बॅकअपवाल्याची बऱ्याच गाड्यांत थेट टाकीत जाते, म्हणून ती टाकी जास्त ओली. जुलै-ऑगस्टात मी दर आठवड्याला टाकीचा पाणी सोडायचा ड्रेन कॉक उघडतो, एरवी महिन्यातून एकदा. पाणी चहाच्या रंगाचं आलं तर टाकी आतून गंजतेय, दुधाळ आणि चिकट आलं तर हवेबरोबर तेल येतंय, मग इंजिनचा कॉम्प्रेसर दाखवून घ्या.

कॉम्प्रेसर नुसता घोंघावतो आणि फ्यूज उडतो असं होत असेल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (टाकीतली हवा मागे येऊ न देणारा) बघा, तो लीक असला की टाकीचं प्रेशर उलटं कॉम्प्रेसरच्या डोक्यावर येतं आणि मोटरला उचलत नाही. तो ठीक असेल तर कॉम्प्रेसर चालू असताना त्याच्याच टर्मिनलवर व्होल्टेज मोजा, बॅटरीपेक्षा एखाद व्होल्टहून जास्त कमी दिसलं तर वायर बारीक आहे नाहीतर अर्थिंग गंजलंय.

आणि ब्रेकच्या लाइनला टी जोड मारून बॅकअप जोडायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. ब्रेकच्या टाक्या प्रोटेक्शन व्हॉल्व्हने वेगळ्या ठेवलेल्या असतात ते बेलो फुटला तरी ब्रेकची हवा जाऊ नये म्हणून. हवा फार उतरली की स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतो, त्याचा बोल्ट फिरवून तो सोडवत बसू नका, उतारावर तर नाहीच.

आज रात्री टायरला ठोकळे लावा, टाकी भरून इंजिन बंद करा, बॅकअपचा फ्यूज काढा आणि गेजचा आकडा लिहून ठेवा, सकाळी परत बघा. दोन्ही आकडे आणि गाडी कुठल्या कोपऱ्यात बसली ते कळवा, त्यावरून बेलो की लेव्हलिंग व्हॉल्व्ह (गाडीच्या उंचीप्रमाणे बेलोतली हवा कमी-जास्त करणारा) याचा अंदाज येईल.