अंगणवाडीत नव्यानं रुजू होणाऱ्या मुलीस

प्रिय मुली, अनेक आशीर्वाद.

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात रुजू होते आहेस. पहिल्या आठवड्यात भिंती रंगवायच्या फंदात पडू नकोस. वहीच्या जोडपानावर गावाचा नकाशा काढ: गल्ल्या, दलित वस्ती, रानाकडचा गवळीवाडा, वीटभट्टी, ऊसतोडीवाल्यांच्या खोपी. तीन ते सहा वर्षांच्या प्रत्येक मुलामागं एक टिंब. रोज येणाऱ्याचं भरीव, न येणाऱ्याचं पोकळ. पोकळ टिंबं एकाच बाजूला दाटलेली दिसली, की "पालकांनाच शिक्षणाची किंमत नाही" हे वाक्य गिळून टाक. आड ओढा आहे का, मुलाला कुणी हिणवलं का, हे आधी विचार. 1945 साली सुरू झालेल्या बोर्डीच्या बालशिक्षण केंद्रात वस्तीतली मुलं येईनात, तेव्हा ते चालवणाऱ्या ताराबाई मोडकांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. तुला रोज जमणार नाही, पण आठवड्यातून एकदा तासभर गाणी-गोष्टी तिकडं घे आणि परतताना मुलांना सोबत आण.

आता जेवण. या वयाच्या मुलाला रोज ठरावीक कॅलरी आणि प्रथिनं मिळायला हवीत, हे अन्नसुरक्षा कायद्यात आहे. कागदावर सगळ्यांना मिळतातच! पातेल्यात मात्र डाळ तळाशी बसते. न ढवळता वाढलं तर पहिल्यांच्या ताटात नुसतं पाणी, आणि मागच्यांच्या वेळी पातेलंच आटलेलं. म्हणून दर चार-पाच ताटांनंतर तळापासून ढवळायचं, ओगराळं एकच, सपाट भरलेलं. बसायला गोल, रांग केली की शेवटी कोण बसणार हे गाव आधीच ठरवून ठेवतं. वाढायची सुरुवात रोज वेगळ्या मुलापासून कर.

हेल्पर मावशी दलित असल्या, तर एखादं घर "आमचं पोर डबा आणील" म्हणेल. वेगळा डबा, वेगळी पंगत, यातलं काही मान्य करू नकोस. घरी जाऊन शांतपणे बोल, मुलांसोबत तेच जेवण तू स्वतः जेव. तरीही अडून बसले तर सुपरवायझर मॅडमना लेखी कळव. अस्पृश्यता पाळणं 1955 च्या कायद्यानं गुन्हा आहे. पण त्याचा धाक पहिल्याच भेटीत घातलास तर मूल घरीच राहील. आणि मावशींना तूही "अहो मावशी"च म्हण, मुलं तुझं बघून शिकतात.

दंडघेर मोजताना डाव्या हाताचा खांदा ते कोपर मधोमध धर, हात सैल, पट्टी टेकेल इतकीच. 11.5 सेंटिमीटरच्या खाली आलं, म्हणजे तीव्र कुपोषण; त्याच दिवशी आशाताईंना सांग. खोपीतली मुलं यादीत नाहीत म्हणून सोडू नकोस. बहुतेकदा अशी मुलं तिथंच सापडतात.

भाषेची भांडणं मोठ्यांवर सोड. मूल मराठीत रडतं तर मराठीत समजूत घाल, कानडी घरातल्याला "बा, ऊट माडु" (ये, जेव) म्हण.

पुढं निपाणीकडं बदली झाली तर पालकसभा दुपारी ठेवू नकोस. तिथं बायका विड्या वळतात, आणि मजुरी दर हजार विड्यांमागं मिळते. दुपार बुडाली की पैसे बुडाले. संध्याकाळी, त्यांच्याच गल्लीत, अर्धा तास. ठराव कानडीत लिहिला असला तरी अंगठा घेण्याआधी मराठीत मोठ्यानं वाचून दाखव, आणि एखादीनं हरकत घेतली तर तीही त्याच कागदावर लिही.

कळावे.