पाण्यात करिअर करायचंय, पण कुठल्या पाण्यात?

लालबागहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी बारावी सायन्सला, मॅथ्स आणि बायोलॉजी दोन्ही घेतलेली. भूगोलाची आवड लहानपणापासूनची. ‘मला पाण्यावर काम करायचंय’ या म्हणण्यावर ती ठाम आहे. घरच्यांना कॉम्प्युटर हवंय. काका म्हणतात, पृथ्वीवर ७१ टक्के पाणीच आहे, त्यात करिअर कसलं? आईचा प्रश्न : मुलीचं ऐकायचं की घरच्यांचं?

ताई, नमस्कार.

आधी काकांचं बघू. पृथ्वीचा ७१ टक्के पृष्ठभाग पाण्याखाली आहे, हे खरंच. पण एकूण पाण्यातलं जवळपास ९७ टक्के खारं. गोडं जेमतेम अडीच टक्के, आणि त्यातलंही दोन तृतीयांशाहून जास्त बर्फात अडकलेलं, मुख्यतः अंटार्क्टिका आणि ग्रीनलँडमध्ये. उरलेलं बहुतेक जमिनीखाली. नद्या-तलावांत दिसतं ते गोड्या पाण्याच्याही एक टक्क्याच्या आतलं. माणसं जे गोडं पाणी उचलतात त्यातलं साधारण ७० टक्के शेतीला जातं, मग कारखाने आणि शेवटी आपली घरं. एवढ्याशा पाण्यावर इतक्यांचा हक्क असल्यामुळेच ते शोधणारी, साठवणारी, शुद्ध करणारी आणि वाटणारी माणसं लागतात. लेकीला करिअर आहे ते इथे.

मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांपैकी विहार आणि तुळशी तेवढे शहरात. जवळपास निम्मं पाणी एकटं भातसा देतं, तेही शहापूर तालुक्यातून. दिवसाला ३,८०० दशलक्ष लिटरहून जास्त पाणी भांडुप आणि पांजरापूरला शुद्ध होऊन जलबोगद्यांतून, मोठाल्या जलवाहिन्यांतून शहरात फिरतं. आणि मग रस्त्यावरचं झाकण उघडून, लांब चावी फिरवून पालिकेचा चावीवाला तुमच्या भागाचं पाणी सोडतो. कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरवला की चढावरच्या चाळीत दाब पोचतो, हे त्याला नेमकं ठाऊक असतं. हे जाळं आखणं आणि सांभाळणं हे स्थापत्य अभियंत्याचं काम. त्यासाठी बारावीनंतर एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा देऊन सिव्हिल, पुढे जलसंपदा किंवा पर्यावरण अभियांत्रिकीत एमटेक. पालिकेत दुय्यम अभियंता, राज्याच्या जलसंपदा विभागात एमपीएससीतून, शिवाय खासगी सल्लागार कंपन्या.

दुसरी वाट जमिनीखालची, आणि तिच्याकडे मुलं फारच कमी बघतात याचं मला वाईट वाटतं. महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसॉल्टवर, म्हणजे लाव्हा थिजून बनलेल्या खडकावर आहे. अखंड बेसॉल्ट पाणी धरत नाही. ते साठतं भेगांत, झिजलेल्या थरांत, दोन लाव्हाथरांच्या मधे. म्हणून एका शेतातली बोअर कोरडी जाते आणि बांधापलीकडच्या विहिरीला पाणी लागतं. हे वाचता येणारा माणूस, म्हणजे भूजलतज्ज्ञ, गावाचा खर्च आणि उन्हाळा दोन्ही वाचवतो. त्यासाठी भूशास्त्रात बीएस्सी, ते मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजला आहे. मग जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईत उपयोजित भूशास्त्राची एमएस्सी करता येते. पुढे केंद्रीय भूजल मंडळात यूपीएससीच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून, किंवा राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत.

केमिस्ट्रीत रमत असेल तर पाण्याची तपासणी, सांडपाणी प्रक्रिया, समुद्राचं पाणी गोडं करणं हेही आहे. मनोरीला पालिका तसा प्रकल्प उभारते आहे. तिथे केमिकल इंजिनीअर लागतात.

पैशाचं स्पष्ट सांगते. पहिल्या नोकरीत कॉम्प्युटरवाल्या मैत्रिणीचा पगार बहुधा जास्त असेल. सरकारी भरती नियमित निघत नाही, परीक्षांत दोन-तीन वर्षं सहज जातात. भूशास्त्राला एमएस्सीशिवाय फारसं मोल नाही, म्हणजे पाच वर्षांची तयारी हवी. घरची ओढाताण असेल तर सिव्हिल जास्त सुरक्षित, कारण पाण्याचं जमलं नाही तरी बांधकामाचं क्षेत्र खुलं राहतं. तेवढी अडचण नसेल, तर भूगोलाच्या आवडीकडे बघून माझा कल भूशास्त्राकडे आहे. आवड नसताना कॉम्प्युटर घ्यायला मात्र मी सांगणार नाही.

ठरवण्याआधी तिला चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर बाहेरून दाखवा. विहीर १७२५ सालची, समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी पाणी गोडं. का, ते तिलाच शोधू द्या. खाऱ्या पाण्यापेक्षा गोडं हलकं, म्हणून ते वर तरंगतं आणि बेसुमार उपसा केला की खालचं खारं वर चढतं, इथपर्यंत ती स्वतःहून पोचली आणि पुढचे प्रश्न विचारू लागली, तर झेवियर्सची चौकशी करा. ते राहिलं बाजूला आणि तुमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर पाणी का चढत नाही यावरच ती बोलत राहिली, तर सिव्हिल. सीईटीचा फॉर्म मात्र दोन्ही बाबतींत भरून ठेवा. ग्रुप निवडताना मॅथ्स असलेला पीसीएम हवा, कारण मॅथ्सऐवजी बायोलॉजी असलेल्या नुसत्या पीसीबीवर इंजिनीअरिंगला प्रवेश नाही.