आईच्या मुंग्यांवरचा इलाज त्या पॅकमध्ये नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई 61 वर्षांच्या, शाकाहारी, नऊ वर्षांपासून मधुमेह, त्यासाठी मेटफॉर्मिन चालू, गुडघे दुखतात आणि तळपायांना मुंग्या येतात. नात्यातल्या एकांनी महिन्याला 4,800 रुपयांचा सप्लिमेंटचा पॅक गळ्यात घातलाय. त्यात ग्लुकोसामाइन, फिश ऑइल, हळदीचा अर्क, कॅल्शियम-डी आणि मल्टिव्हिटॅमिन. या घटकांना शास्त्रीय आधार आहे का, की नुसता धंदा?

आधी माझं सांगतो, म्हणजे माझं म्हणणं किती धरायचं ते तुम्ही ठरवा. सोलापुरात पूर्व भागात माझं मेडिकल आहे, एकोणीस वर्षं झाली. तुमच्या पॅकमधलं सगळं, कंपनी वेगळी असेल, पण मीही विकतो. सरकारने भाव बांधून दिलेल्या औषधांवर दुकानदाराला 16 टक्के सुटतात; सप्लिमेंटच्या डब्यावर माझ्याकडे त्याच्या दुप्पट सहज सुटतात. तेव्हा मी काही साधू नाही. डॉक्टरही नाही, फार्मासिस्ट आहे.

तुमच्या प्रश्नात गुडघे पहिले आलेत आणि मुंग्या शेवटी. मी उलटं घेतो.

शाकाहारी माणूस, वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन, आणि पायांना मुंग्या. ही तीन वाक्यं काउंटरवर एकत्र ऐकली की मी पहिलं विचारतो, 'बी-12 तपासलंय का?' बी-12 हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसतं. दूध-दही-ताकातून थोडं मिळतं, बाकी अंडी-मांस-मासे. (स्पिरुलिनात भरपूर असतं असं सांगतात, त्यातलं बहुतेक नकली जातीचं, शरीराला न वापरता येणारं.) त्यात मेटफॉर्मिन लहान आतड्यात बी-12 चं शोषण कमी करतं. यकृतात साठा असतो, त्यामुळे पहिली काही वर्षं काही कळत नाही. साठा संपत आला की मुंग्या, बधिरपणा, थकवा, विसरभोळेपणा सुरू होतो. आणि इथेच घोळ होतो, कारण मधुमेहानेही नसा अशाच खराब होतात. घरचे म्हणतात, 'शुगरमुळेच होतंय,' आणि तपासणी राहून जाते. फार उशीर झाला तर नस पूर्ण सावरतेच असं नाही. ब्रिटनच्या औषध नियामकाने 2022 मध्ये स्पष्ट सूचना काढली की मेटफॉर्मिन घेणाऱ्याला अशी लक्षणं असतील तर बी-12 तपासा.

मग म्हणाल, मल्टिव्हिटॅमिनमध्ये बी-12 आहे की! डबा फिरवून बघा. एक-दोन मायक्रोग्रॅम असेल. रोजची गरज तेवढीच, दोन-अडीच मायक्रोग्रॅम, त्यामुळे निरोगी माणसाला ते ठीक. पण आतड्याची नेहमीची वाटच अडलेली असेल तर भिस्त उरते ती आडवाटेवर, आणि त्या वाटेने मोठ्या मात्रेचा जेमतेम एक टक्का आत झिरपतो. म्हणून डॉक्टर 1000 मायक्रोग्रॅमची गोळी देतात, कमतरता जास्त असेल तर इंजेक्शन. एक टक्का धरला तरी 10 मायक्रोग्रॅम पोटातून रक्तात जातं. या पॅकपुढे त्या गोळीचा खर्च किरकोळ आहे. मला या सगळ्यात राग येतो तो याचाच. 4,800 चा पॅक, आणि ज्याची शंका सगळ्यात आधी यायला हवी ते त्यात नावापुरतं. फक्त एक: नुसती फॉलिक ॲसिडची गोळी परस्पर सुरू करू नका. तिने रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसतो आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं.

आता गुडघे. ग्लुकोसामाइनचं मी मनापासून सांगू शकतो, कारण माझ्या स्वतःच्या आईला मीच ते सुरू केलं होतं. तीन महिन्यांनी म्हणाली, 'आता बरं वाटतंय रे, जिना चढते.' मी खूश. मग एकदा स्टॉक संपला, दीड महिना गोळी नव्हती, आणि मी तिला सांगायचं विसरलो की डबीत उरलेल्या गोळ्या साध्या कॅल्शियमच्या आहेत. जिना चालूच होता.

अमेरिकेत याच गोष्टीची मोठी चाचणी झाली, 2006 मध्ये छापून आली. गुडघ्याची झीज झालेले 1,583 रुग्ण. काहींना ग्लुकोसामाइन, काहींना त्याच्या जोडीने विकलं जाणारं कॉन्ड्रॉइटिन, काहींना दोन्ही, काहींना वेदनाशामक सेलेकॉक्सिब आणि काहींना औषध नसलेली पोकळ गोळी. कोणाला काय मिळतंय ते रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही. पोकळ गोळीवाल्यांपैकी 60 टक्के लोकांचं दुखणं चांगलं कमी झालं. ग्लुकोसामाइनवाल्यांचं 64 टक्के, दोन्ही घेणाऱ्यांचं जवळपास 67. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. जास्त दुखणाऱ्या एका लहान गटात दोन्ही मिळून घेणाऱ्यांना बराच फायदा दिसला होता, आणि जाहिरातीत तेवढंच उचलून दाखवतात. पण मुख्य प्रश्नाचं उत्तर 'नाही' असंच आलं.

हा 60 चा आकडा लक्षात ठेवा. 'आमच्या मावशीला गुण आला' असं कोणी म्हणालं तर मावशी खोटं बोलत नसते. दुखणं मुळातच चढ-उतार करतं, माणूस ते चढलेलं असताना गोळी सुरू करतो, आणि उताराचं श्रेय गोळीला जातं.

आणखी एक. ग्लुकोसामाइन बहुतेक वेळा कोळंबी-खेकड्याच्या कवचातून काढतात, कॉन्ड्रॉइटिन जनावरांच्या कूर्चेतून. फिश ऑइल तर नावातच आहे. आई शाकाहारी आहेत म्हणता, तर डब्यावर हिरवी खूण आहे की तपकिरी, ते त्यांना दाखवा. माझ्याकडे एका माळकरी बाबांनी चार महिने खाऊन झाल्यावर ती खूण पाहिली होती. त्यांचा चेहरा अजून आठवतो.

हळदीचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं. अमेरिकेने जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं होतं, ते माशेलकरांच्या काळात सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने लढून 1997 मध्ये रद्द करून घेतलं, त्यामुळे हळदीविरुद्ध बोललं की आपल्याकडे लोकांना राग येतो. पण डब्यात हळद नसते, कर्क्युमिन असतं. स्वयंपाकाच्या हळदीत ते तीनेक टक्के. ते आतड्यातून रक्तात फारसं जातच नाही, म्हणून सोबत मिऱ्यातलं पायपरिन घालतात. बंगळुरूच्या संशोधकांनी 1998 मध्ये दाखवलं की त्याने माणसांत कर्क्युमिनचं प्रमाण 2000 टक्क्यांनी वाढतं. जाहिरातीत हे छापतात. हे छापत नाहीत की पायपरिन काही औषधांचं रक्तातलं प्रमाणही वाढवू शकतं, आणि अशा जास्त शोषल्या जाणाऱ्या हळदीच्या गोळ्यांनी यकृताला सूज आल्याची प्रकरणं नोंदलेली आहेत. गुडघ्यावर मात्र पुरावा अगदीच शून्य नाही. थायलंडमध्ये 367 रुग्णांवर चार आठवडे हळदीचा अर्क आणि वेदनाशामक आयब्युप्रोफेन यांची तुलना झाली, दोन्हींचा गुण साधारण सारखाच. पण त्या चाचणीत पोकळ गोळीचा गट नव्हता. वरचा 60 आठवला ना? म्हणून माझं मत: रक्त पातळ करण्याची गोळी चालू नसेल, यकृत ठीक असेल, आणि डॉक्टरांना सांगून घेत असाल तर महिनाभर करून बघायला हरकत नाही. पोळीभाजीतली हळद तर चालूच ठेवा, तिचा या भानगडीशी संबंध नाही.

फिश ऑइलवर फार वेळ घालवत नाही. '1000 मिलिग्रॅम' हे तेलाचं वजन. त्यातलं कामाचं ओमेगा-3, म्हणजे ईपीए आणि डीएचए, साध्या कॅप्सूलमध्ये दोन्ही मिळून साधारण 300. अमेरिकेत 25,871 लोकांना सरासरी पाच वर्षं रोज एक ग्रॅम ओमेगा-3, 2,000 युनिट डी जीवनसत्त्व, दोन्ही किंवा पोकळ गोळी दिली. एकीकडे हृदयविकार-पक्षाघात आणि दुसरीकडे कॅन्सर असे जे मुख्य हिशेब होते, त्यांत दोन्हींपैकी कशानेच फरक पडला नाही. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) खूप वाढलेले असताना डॉक्टर मोठ्या मात्रेत देतात, ती गोष्ट निराळी.

डी जीवनसत्त्वाची मात्र गंमत आहे. मे महिन्यात पारा 43 ला टेकतो अशा गावात डी कमी कसं? आमच्या भागात या. बायका सूप मांडीवर घेऊन दिवसभर घरात विड्या वळतात, कारखान्यातला माणूस रात्रपाळी करून दिवसा झोपतो. उन्हाळ्यात दहानंतर शहाणा माणूस उन्हात जातो कशाला? वरच्या चाचणीतले बहुतेक लोक डी पुरेसं असलेले होते, त्यांना आणखी देऊन काही झालं नाही. ज्याचं खरंच कमी आहे त्याची गोष्ट वेगळी. रिपोर्टमध्ये कमी असेल तर 60,000 युनिटची पुडी आठवड्याला एक, ठरावीक आठवडे, असं डॉक्टर देतात.

आठवड्याला! एक यंत्रमागवाले मामा पाचव्या दिवशी दुकानात आले, 'चार संपल्या, अजून दे.' मी 'आठवड्याला' म्हणालो होतो, त्यांनी 'आठवडाभर' ऐकलं. मराठी त्यांना कामापुरती येते, घरात तेलुगू. चूक माझीच. रोज घेत राहिले असते तर रक्तात कॅल्शियम चढून मूत्रपिंडापर्यंत गेलं असतं. डॉक्टरांना फोन केला, पुड्या थांबवल्या, सुदैवाने काही झालं नाही. तेव्हापासून मी पुडीवर पेनाने 'रविवार' लिहितो आणि तोंडाने 'आदिवारम' म्हणतो, कानडी माणूस असेल तर 'भानुवार'. तुमच्या पॅकमधल्या कॅल्शियम-डीचं डीही यात मोजा. पुडी चालू असताना वरून हे नको. कॅल्शियमबद्दल एवढंच: आधी मुतखडा होऊन गेला असेल तर न विचारता नकोच, आणि थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर. नाचणीची भाकरी, तीळ, दूध यांतून बरंचसं भागतं.

मल्टिव्हिटॅमिन बहुतेक निरुपद्रवी, पण घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर बीटा-कॅरोटीनची मात्रा बघा. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला, कॅन्सर टळावा म्हणून रोज 20 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन दिलं, आणि 1994 मध्ये निकाल आला: फुप्फुसाचा कॅन्सर 18 टक्क्यांनी वाढला. गाजरातलं तेच, पण गोळीतलं गाजरासारखं वागलं नाही. केसांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त तपासायला देण्याआधी लॅबवाल्याला सांगा. थायरॉइडचे आणि हृदयाच्या ट्रोपोनिनचे आकडे त्याने चुकतात.

सगळंच फोल असं समजू नका. गरोदरपणाच्या आधीपासून घेतलेलं फॉलिक ॲसिड बाळाच्या पाठीच्या कण्यातला दोष टाळतं, हे 1991 मध्ये इतकं ठामपणे सिद्ध झालं की चाचणी मध्येच थांबवावी लागली. लहान मुलांच्या जुलाबात ओआरएससोबत झिंक. रक्त कमी असेल तर लोह, चहा सोडून लिंबूपाण्यासोबत. यांतल्या कशालाही 4,800 लागत नाहीत, आणि यांच्यासाठी कोणी हॉटेलात मीटिंग भरवत नाही.

डबा हातात आहे तोवर त्यावरची बारीक अक्षरंही वाचा. अन्नपरवान्याचा 14 आकडी क्रमांक असेल, म्हणजे कायद्याने ते खाद्य आहे, आणि 'औषधी वापरासाठी नाही' असं कंपनीनेच छापलेलं असतं. नातेवाइकांना ते वाक्य वाचून दाखवा, वाईटपणा तुमच्याकडे येणार नाही.

आता करायचं एवढंच. या आठवड्यात आईंच्या डॉक्टरांना भेटा. मेटफॉर्मिन किती वर्षं, किती मात्रा, मुंग्या कधीपासून, ते कागदावर लिहून न्या. बी-12, हिमोग्लोबिन, डी आणि थायरॉइडबद्दल विचारा. बी-12 चं रक्त दिल्याशिवाय मल्टिव्हिटॅमिन किंवा सुई सुरू करू नका, आकडा फुगतो आणि खरं काय ते कळत नाही. गुडघ्यांसाठी मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या. त्याला ग्लुकोसामाइनपेक्षा कितीतरी चांगला पुरावा आहे. पॅकचं सील फोडलेलं नसेल तर फोडू नका. डायरेक्ट सेलिंगच्या (दुकानाऐवजी ओळखीतून माल विकण्याच्या) 2021 च्या नियमांप्रमाणे माल परत करण्याची आणि पैसे मिळण्याची अट काय आहे ते विक्रेत्याने गिऱ्हाइकाला सांगावं लागतं. बिल मागा, तारीख बघा. बी-12 चा रिपोर्ट आला की आकडा एकक लिहून इथेच टाका, पिकोग्रॅम की पिकोमोल ते बघून. बरेच जण नुसता आकडा टाकतात आणि मग कोणालाच काही सांगता येत नाही.