वीस वर्षं जुन्या हाफ-टन पिकअपने ६,००० पौंडांचा ट्रेलर ओढता येईल का? (अमेरिका)

बहुतेक वेळा येईल, पण जाहिरातीतल्या टोइंगच्या आकड्यावर जाऊ नका. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे भरलेल्या गाडीचं कमाल वजन, लिहिलेलं असतं. हाफ-टन गाडी, म्हणजे फोर्ड एफ-१५० सारखी हलक्या वर्गातली पिकअप, सहसा तिथेच कमी पडते. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडणीवर, यायला हवा, म्हणजे इथे ६०० ते ९०० पौंड. तोही गाडीच्याच वजनात धरायचा. वर चार माणसं आणि सामान! ट्रक स्टॉपच्या काट्यावर सगळ्यांसकट, ट्रेलर जोडून वजन कराच.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आणि गाडीत ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक चालवणारं उपकरण) नसेल तर कृपा करून निघू नका. अनेक राज्यांत ३,००० पौंडांच्या वर ते कायद्यानेही लागतात. जुन्या गाडीच्या ब्रेक लाइन गंजल्यात का, तेही बघा. ट्रान्समिशनचं ऑइल काळपट असेल, जळका वास येत असेल, तर आधी मेकॅनिककडे. चढावर ओव्हरड्राइव्ह (सगळ्यात वरचा गिअर) बंद ठेवा.

सामान भरताना जड वस्तू ॲक्सलच्या जरा पुढे ठेवा. मागे भार गेला की ट्रेलर डोलतो. डोललाच, तर गाडीचा ब्रेक मारू नका. स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटर सोडा आणि कंट्रोलरच्या लिव्हरने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा.